निम्म्या मापाचं पुस मॉथ: नेरुळच्या सोसायटीतल्या सणासुदीच्या नोंदी

२२ जून, रविवार

विषय ठरला. गणपतीत मांडवात निम्म्या मापाचं पुस मॉथ, म्हणजे १९३० च्या सुमाराचं छोटं ब्रिटिश विमान, आणि शेजारी क्लब हाउसमध्ये छोटं हवाई वारसा दालन. विमान गौरी-गणपतीपर्यंत, दालन मात्र थेट १५ ऑक्टोबरपर्यंत उघडं ठेवायचं. १९३२ साली त्याच तारखेला जे. आर. डी. टाटांनी याच जातीच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं होतं.

कल्पना मे महिन्यातल्या गोव्याच्या सहलीतली. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे उघड्यावर एक अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. पोरं त्याच्याखालून हलायला तयार नव्हती. आता उलव्याला विमानतळ होतोय आणि आमच्या पोरांना विमान म्हटलं की फक्त सेल्फी आठवतो, म्हणून हा खटाटोप.

बैठकीत आणखी दोन प्रस्ताव होते. एक राफेलचा. यंदा दर दुसऱ्या मंडळात राफेल असणार, म्हणून तो मागे पडला. दुसरा शिवकर बापूजी तळपद्यांच्या विमानाचा, आणि त्यावर मात्र चांगलीच जुंपली. माझं म्हणणं एवढंच होतं की १८९५ सालच्या त्या चौपाटीवरच्या उड्डाणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण विमानाचं विश्वासार्ह रेखाचित्र नाही, फोटो नाही, मापं नाहीत. सुतारमामांना देणार काय? ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथावरून ती चित्रं फिरतात, त्यातली यंत्रं उडूच शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिलंय. हे ऐकून दोन ज्येष्ठ सभासद उठून गेले. पुढच्या रविवारी चहाला परत आले, वर्गणीही दिली.

मंजूर रक्कम ₹२०,०००.

२९ जून

मापं. खऱ्या पुस मॉथच्या पंखांचा विस्तार ११.२ मीटर, लांबी ७.६ मीटर. निम्मं केलं की ५.६ आणि ३.८. मांडव २४ फुटी, त्यात साडेअठरा फुटांचे पंख बसतात. पण गणपतीनंतर ठेवायचं कुठे? क्लब हाउसचं दार पाच फुटी.

सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य गेलेले आमचे एक काका आहेत, यापुढे त्यांना हँगरकाका म्हणतो. ते म्हणाले, "अरे, खऱ्या विमानाचे पंख मागे दुमडायचे. लहान शेडमध्ये मावावं म्हणूनच तशी सोय होती. तुम्ही पण दुमडा की." आम्ही नटबोल्टने पंख सुट्टे करण्याच्या विचारात होतो. काकांचं ऐकलं. तिथपासून एक नियम झाला, अडलं की आधी मूळ विमानात काय केलं होतं ते बघायचं.

६ जुलै, आषाढी एकादशी

अर्धी मंडळी उपासाला, अर्धी विठ्ठलदर्शनाला. तरी सांगाड्याचं काम सुरू केलं.

मूळ सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला असे, वर कापड. आमच्या नळ्या म्हणजे बांबू. पनवेलच्या वखारीतून माणगा आणला. माणगा भरीव असतो, भोक पाडलं तरी सहसा चिरत नाही. वखारवाल्याने "ताजाच आहे, हिरवागार" म्हणून कौतुकाने दिला आणि आम्हीही कौतुकाने घेतला. बांबूकामात ताजा माल हे कौतुक नसतं, याचा हिशोब सप्टेंबरच्या नोंदीत आहे.

सांधे काथ्याने बांधले. सुतळी ओलाव्यात लवकर कुजते, काथ्या तेवढा कुजत नाही.

१३ जुलै

पंखांच्या फासळ्या. ६ मिमी प्लायवर एक साचा काढून सुतारमामांनी जिगसॉने एकाखाली एक कापल्या, प्रत्येक पंखाला नऊ. एका पंखाचं वजन हातात घेतल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. बिजागरीवर एवढं ओझं टिकणार नव्हतं. मग प्रत्येक फासळीत तीन-तीन गोल भोकं पाडली. त्यात अख्खा रविवार गेला, वजन मात्र तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. आधी भोकं, मग कापणी असा क्रम ठेवला तर हा वेळ वाचेल, कारण सुटी फासळी धरून भोक पाडताना दोन फासळ्या मोडल्या.

२० जुलै

पंख दुमडेना. मागच्या दांड्याला बिजागरी होती, पंखाखाली तिरका आधार म्हणजे स्ट्रट होता, सगळं चित्राबरहुकूम. पंख पंधरा अंश वळला की अडकायचा, जोर लावला की स्ट्रट वाकायचा. तेल घातलं. बिजागरी बदलली. मोठी बिजागरी आणली, ₹४८० गेले.

संध्याकाळी हँगरकाका आले, पाच मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "ओळंबा आणा."

वरच्या बिजागरीतून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला. तो स्ट्रटच्या खालच्या खिळीपासून चार इंच मागे पडला. पंख एका उभ्या अक्षाभोवती फिरणार, तर वरची बिजागरी आणि खालची खीळ दोन्ही त्याच अक्षावर हवीत. चार इंचांच्या फरकामुळे फिरताना स्ट्रटची लागणारी लांबी बदलत होती, म्हणून तो वाकत होता. खालची खीळ मागे सरकवली आणि पंख एका बोटाने दुमडला. दार दोन बिजागऱ्यांवर टांगणाऱ्या कुठल्याही सुताराला हे माहीत असतं. आमच्या सुतारमामांनाही माहीत होतं, पण आम्ही त्यांना चित्र दिलं होतं आणि चित्राप्रमाणे करा म्हटलं होतं.

स्ट्रटवरून निघालेली एक गोष्ट दालनातल्या फलकावर घ्यायची ठरली. सुरुवातीच्या वर्षांत काही पुस मॉथ विमानांचे पंख हवेतच निखळले, माणसं गेली. तपासानंतर पुढच्या स्ट्रटला एक छोटा जोडआधार देण्यात आला. "सणासुदीत अपघात कशाला?" असा सूर निघाला. माझ्या मते तो आधार आपल्या मॉडेलवर लावलाय, तर तो का आहे हे सांगायलाच हवं. फलक राहिला.

२७ जुलै

कापड. ठाण्याला जांभळी नाक्यावरून मांजरपाट आणला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, नीट विचारून घ्या. आम्हाला हवा होता ६३ इंची. ज्याला पाठवलं तो ३६ इंची घेऊन आला, स्वस्त पडला म्हणून. निम्म्या मापाच्या पंखाची रुंदी जवळपास ३६ इंच, वरून-खालून गुंडाळायचं म्हणजे दुपटीहून जास्त. त्यामुळे शिवणी वाढल्याच. सी विंगमधल्या दोन ताईंनी घरच्या मशीनवर पट्टे जोडून दिले. शिवणी फासळ्यांवर येतील अशा आखल्या म्हणून दिसायला उलट चांगल्या दिसल्या.

मूळ विमानाच्या कापडावर डोप नावाचं रसायन लावत. त्याने कापड आखडून ढोलकीसारखं ताणलं जाई. पण ते भयंकर ज्वालाग्राही, मांडवात समईशेजारी चालणार नाही. म्हणून मैद्याची खळ करून लावली. आज रात्री कापड कडक, देखणं, टिचकी मारली की टणत्कार. सगळे खूश होऊन घरी गेलो.

३ ऑगस्ट

खळीला बुरशी. डाव्या पंखाखाली करड्या ठिपक्यांची रांगोळी, उजव्याला मुंग्या, कापड ढिलं पडून फासळ्यांमध्ये झोळ. पावसाळी हवेत मैदा टिकत नाही, मोरचूद घालायला हवा होता असं नंतर तिघांनी सांगितलं. मुलं हात लावणार म्हणून मोरचूद आम्हाला नकोच होता.

सगळं कापड उतरवलं, धुतलं, गच्चीवर वाळवलं. ऊन नव्हतंच, पंखे लावून वाळवलं. पुन्हा ओलसर ताणून चढवलं आणि लाकडाचा पांढरा गोंद एकास दोन पाणी करून ब्रशने तीन हात दिले. प्रत्येक हात पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. ही पद्धत टिकली. पूर्ण आठवडा आणि सुमारे ₹१,१०० गेले.

१० ऑगस्ट

शेपटीचं सुकाणू वाकडं झालं. पोरांनी उत्साहाने एका बाजूला गोंदाचे सगळे हात एकदम दिले आणि दुसरी बाजू "उद्या" ठेवली. एका बाजूचं कापड आखडलं, कामट्या त्याच्या मागे गेल्या. उन्हात टाकून, वजन ठेवून, ओलं करून पाहिलं, फार उपयोग झाला नाही. नवीन केलं. दोन्ही बाजूंना आलटून पालटून एकेक हात द्या, काही बिघडत नाही.

रंग रुपेरी. जुने फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंगावरून वाद घालायला भरपूर वाव होता. त्या काळी कापडी विमानांना ॲल्युमिनियमची पूड घातलेला थर देत, उन्हाने कापड कुजू नये म्हणून. तो धागा धरून रुपेरी घेतला. बाजूला टाटांच्या त्या विमानाची नोंदणी अक्षरं, व्हीटी-एडीएन. घातली देवनागरीत. नियमाला धरून नाही, पण दुसरीतल्या मुलालाही वाचता येतात.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर पंखा बसवला. म्हणजे प्रोपेलर. सोसायटीत पंखा म्हटलं की इलेक्ट्रिशियन छताकडे बघतो.

टेबल फॅनची मोटर नको. फार वेगाने फिरते आणि मुलांची बोटं सगळीकडे असतात. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, ₹३५०, बारा व्होल्टची. मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, ताकद भरपूर, हाताने धरली तरी इजा होणार नाही अशी हलकी बांबूची पाती. मोटर सुरू होताना जास्त विजेची ओढ घेते, त्यामुळे पाच अँपिअरचा पुरवठा दर वेळी बंद पडायचा. दहा अँपिअरचा आणला तेव्हा थांबलं. सतत चालवली की तापते, म्हणून पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा टायमर.

मोटर आधी नाकाच्या बरोब्बर मधोमध बसवली होती. दिसायला खेळणं वाटत होतं, का ते कळेना. काकांनी सांगितलं. या विमानातलं जिप्सी ३ इंजिन उलटं बसवलेलं असे, सिलिंडर खाली आणि फिरणारा दांडा वर. त्यामुळे प्रोपेलरचा आस उंच राहतो, नाकाचा वरचा भाग खाली येतो आणि वैमानिकाला समोरचं दिसतं. दांडा पाच इंच वर घेतला आणि समोर पुस मॉथ उभं राहिलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. शाळा बंद, लोकल बंद, निम्मं ऑफिस घरी. मांडवात घोट्याएवढं पाणी. कापड ताणलेलं राहिलं, गोंद सुटला नाही. पण चाकांजवळचा प्लाय फुगला. विमान दुमडून सहा जणांनी उचललं आणि क्लब हाउसमध्ये नेलं. दुमडणारे पंख ठेवण्यासाठी केले होते, उपयोगी पडले ते पळवण्यासाठी.

कोणीतरी म्हणालं, टाटांचं काय होत असेल पावसाळ्यात? तेच होत असे. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखल होई, उतरणं अशक्य, मग विमानसेवा पुण्याहून चाले. फलकावर ही ओळ आजच वाढवली.

मांडवाचं डेकोरेशनवाल्याने दिलेलं फळ्यांचं व्यासपीठ सहा इंच होतं, ते दीड फुटाचं करून मागितलं. भाडं वाढलं. नेरुळमध्ये ऑगस्टमध्ये काही उभं करणार असाल, तर आधीच दीड फूट मागा.

२४ ऑगस्ट

बाप्पाची जागा. विमानाच्या पंखाखाली मूर्ती नको, देवाच्या डोक्यावर काही नको, हे आजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि ते योग्यच आहे. मग बाप्पाला विमानाच्या मागे, उंचावर, झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये बसवायचं ठरलं. जुहूला टाटांच्या विमानसेवेची सुरुवात अशाच झावळ्यांच्या शेडमधून झाली होती. मखरही झालं, इतिहासही झाला. झावळ्या ओल्या असताना शाकारा आणि दिव्यांपासून हातभर लांब ठेवा. अग्निशमनवाल्यांनी हॅलोजन काढायला लावले, एलईडी चालले.

फलक छापून आले, आणि एकावर ठळक अक्षरांत "१९३२: एअर इंडियाची स्थापना". डिझाइन करणाऱ्या मुलाने कुठूनतरी उचललं होतं. १९३२ साली होतं ते टाटांचं हवाई टपाल. टाटा एअरलाइन्स हे नाव १९३८ चं आणि एअर इंडिया १९४६ चं. दुसऱ्या फलकावर पहिल्या फेरीत प्रवासी बसलेले दाखवले होते, विमानात होतं फक्त टपाल, सुमारे २५ किलो. दोन्ही परत छापले, ₹१,२००.

काकांनी एका फलकासाठी हट्ट धरला आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सगळीकडे फक्त जेआरडी दिसतात. पण ही हवाई टपालाची योजना घेऊन टाटांकडे आले ते नेव्हिल व्हिन्सेंट, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक. आणि १५ ऑक्टोबरला जुहूहून बेल्लारीमार्गे मद्रासकडे टपाल पुढे नेण्याचं काम त्यांचंच होतं. आमच्या फलकावर दोघांचे फोटो एकाच आकाराचे आहेत.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी शाडूची मूर्ती आली, प्रतिष्ठापना झाली, दालन संध्याकाळी उघडलं. पहिल्या दोन तासांत काय चाललं आणि काय नाही ते लिहून ठेवतो, पुढच्यांना उपयोगी पडेल.

फलक कोणी वाचले नाहीत. अपवाद स्पार्क प्लगचा. १९३० साली भारत-इंग्लंड अंतर एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेत जेआरडी आणि ॲस्पी इंजिनियर (हे आडनाव) विरुद्ध दिशांनी उडत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला ॲस्पी स्पार्क प्लगवाचून अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग दिले, आणि स्पर्धा ॲस्पींनी जिंकली. पुढे तेच हवाई दलाचे प्रमुख झाले. या फलकाखाली आम्ही स्कूटरचा जुना प्लग दोऱ्याने टांगला होता. त्याला हात लावायला आलेली माणसं फलक वाचत होती. उद्या प्रत्येक फलकाखाली हातात घेता येईल असं काहीतरी टांगायचं.

सगळ्यांत जास्त गर्दी २५ किलोच्या तांदळाच्या गोणीपुढे. एपीएमसीतून महाप्रसादासाठी आणलेली गोणी, वर फक्त चिठ्ठी: "एवढंच टपाल होतं. उचलून बघा." बाबा लोक पोरांसमोर उचलून दाखवत होते.

दुसरी गर्दी चाकांपाशी. खऱ्या पुस मॉथच्या चाकांच्या पायांवरची आवरणं नव्वद अंशांत वळवता येत, मग ती हवेला आडवी येऊन वेग कमी करत. लहान सायकलच्या चाकांवर आम्ही तशी प्लायची आवरणं केली आणि आतून एक दांडी दिली. दांडी ओढली की आवरण आडवं. रात्रीपर्यंत डावी दांडी तुटली. लोखंडी केली.

३० ऑगस्ट

टपालाचा डबा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं यावर कोणाचा विश्वास बसेना. जवळच्या पोस्टात एकदम हवी तितकी नव्हती, तीनदा जाऊन तीनशे जमवली, ₹१५०. मुलांनी आजी-आजोबांना लिहायचं, विमानातल्या थैलीत टाकायचं, विसर्जनानंतर खरोखर पोस्टात.

अडचण आली ती पत्त्याची. आजीचा फोन नंबर सगळ्यांना पाठ, पत्ता कोणालाच नाही. "आजी, चिपळूण" एवढ्यावर तीन कार्डं. मग मांडवातूनच फोन लावून पत्ते घेतले, पिनकोडसकट. एका आजोबांनी फोनवर पत्ता सांगितला आणि विचारलं, "पण काय लिहिलंय ते आत्ताच सांग ना." पोरगी म्हणाली, "नाही, येईल तेव्हा वाचा."

२ सप्टेंबर

गौरींबरोबर विसर्जन. विमान जागचं हललं नाही, ढोल मात्र त्याच्याभोवतीच वाजले. कंपनाने एका फासळीचा गोंद सुटला, किरकोळ.

उंचीमापकाचं लिहायचं राहिलं होतं. काकांकडे जुन्या विमानातून उतरवलेला, शोकेसमध्ये पडून असलेला उंचीमापक होता. तो दालनात ठेवला. हे यंत्र उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि दाब कमी झाला की उंची वाढली असं समजतं. खालच्या खिडकीत समुद्रसपाटीचा प्रमाण दाब, १०१३ मिलिबार, लावून ठेवला आणि काटा मुलांना दाखवला: नेरुळ २८० फूट! मुलं हसली, आपण तर खाडीशेजारी. मग काकांनी सांगितलं की पावसाळ्यात दाब १०१३ पेक्षा बराच खाली असतो आणि एकेका मिलिबारला हा काटा सत्तावीस-अठ्ठावीस फूट चढतो. म्हणूनच वैमानिक उतरण्याआधी त्या त्या ठिकाणचा दाब विचारून खिडकीत लावतो, नाहीतर जमीन कुठे आहे हे यंत्राला चुकीचं कळतं. पाचवीतली एक मुलगी रोज संध्याकाळी सातचा आकडा फळ्यावर लिहिते. संध्याकाळी सातच का? दाब दिवसातून दोनदा थोडा वरखाली होतो, वेळ एक ठेवली नाही तर तुलना होत नाही. हे तिनेच आकडे बघून शोधलं, मग काकांनी होकार दिला.

१४ सप्टेंबर

दालनाच्या फरशीवर, विमानाखाली, पिठासारखा भुगा. ताज्या बांबूचा हिशोब. बांबूतलं पीठूळ सत्त्व खाणारा बारीक भुंगा आत शिरलाय, डाव्या पंखाच्या दांड्यात टाचणीएवढी भोकं. सांगाडा कापडाने झाकलेला, आत ब्रश जाणार कुठे? सुई लावलेल्या सिरिंजने बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण प्रत्येक भोकात सोडलं, जे उघडं होतं तिथे दोन हात दिले. खालचा एक दांडा गेलाच होता, बदलला. योग्य पद्धत अशी की बांबू उन्हाळ्यात आणायचा, चिरण्याआधी त्याच द्रावणात काही दिवस बुडवून ठेवायचा, सावलीत वाळवायचा आणि मगच सांगाडा बांधायचा. म्हणजे तयारी एप्रिलमध्ये. जूनमध्ये बैठक घेणाऱ्यांनी रॉकेल ओतण्याचा सल्ला ऐकू नये, शेजारी समई असते.

२६ सप्टेंबर, नवरात्र

आज चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६० च्या दशकापासून सेवेत असलेलं विमान. सकाळपासून ग्रुपवर एकच मागणी, रुपेरी रंग आहेच, नाक टोकदार करून आपलंच मिग करा. गरब्याच्या मैदानात ठेवू. मी नाही म्हटलं. वर पंख असलेलं, दोन चाकं पुढे आणि एक मागे असलेलं मिग बघून काकांना काय वाटलं असतं! त्याऐवजी दालनात मिगचा एक साधा कागदी फलक लावला आणि शेजारी कोरी वही ठेवली. हवाई दलात काम केलेल्या किंवा घरचं कोणी केलेल्या लोकांनी वहीत लिहिलं, आमच्याच सोसायटीत असे किती निघाले ते आज कळलं.

गणपतीतल्या पोस्टकार्डांपैकी काही "पत्ता अपुरा" म्हणून परत आलीयेत. बाकीच्यांची उत्तरं येताहेत, तीही पोस्टकार्डावर. वॉचमनदादांना पत्रं वाटायची सवय राहिली नव्हती, पहिली दोन बिलांच्या गठ्ठ्यात सापडली. त्यांच्या टेबलावर वेगळा डबा ठेवला.

८ ऑक्टोबर

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. रस्ते बंद असल्याने सुतारमामा आले नाहीत. उजव्या पंखाची शिवण एक हातभर उसवलीये, ती तशीच आहे.

१५ ऑक्टोबर

दालन शेवटचा दिवस उघडं. विमान पुन्हा उघडून आवारात ठेवलं. दुमडायला-उलगडायला आता चार माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. अहमदाबादचा देखावा मुलांनी नव्याने केला होता. तिथे विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, म्हणून दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेली मातीची बैलजोडी आणि काड्यापेटीचे डबे. १९८२ साली वयाच्या ७८ व्या वर्षी जेआरडींनी हीच कराची-मुंबई फेरी पुन्हा एकट्याने केली, हे ऐकून आमचे ७८ वर्षांचे खजिनदार दिवसभर ताठ चालत होते.

फळ्यावर आजचा आकडा १३० फूट. पाऊस गेला, दाब चढला.

१९ ऑक्टोबर

हिशोब. बांबू, प्लाय, सुतारकाम ₹६,८००. कापड ₹३,१००. गोंद आणि रंग ₹४,२००. मोटर, वीज, दिवे ₹२,६००. चाकं आणि लोखंड ₹९००. फलकांची छपाई ₹५,४००. एकूण ₹२३,०००, म्हणजे मंजुरीपेक्षा तीन हजार जास्त. खळीचा आठवडा, नको असलेली बिजागरी आणि परत छापलेले फलक यांची बेरीज साधारण तेवढीच होते. व्यासपीठाचं वाढीव भाडं मांडवाच्या खात्यात गेलं, ते यात नाही. तांदळाची गोणी महाप्रसादात खपली, ती हिशोबात धरू नये असं खजिनदारांचं म्हणणं.

जवळच्या एका शाळेने विमान डिसेंबरसाठी मागितलंय. द्यायचं ठरलं, अटी तीन. टेम्पोत दुमडूनच न्यायचं. उघडताना आधी स्ट्रटची खालची खीळ बसली आहे का ते बघायचं, मगच पंख पुढे घ्यायचा आणि पुढचा बोल्ट लावायचा. हा क्रम उलटा झाला तर मागची बिजागरी उखडते, म्हणून तो पंखाच्या मुळाशी लाल रंगाने लिहिलाय. तिसरी अट, दर महिन्याला खाली पांढरा कागद अंथरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी भुगा दिसला तर फोन करायचा. बोरॅक्सचं उरलेलं पाकीट आणि सिरिंज विमानाबरोबरच देणार आहोत.